इमान

जिनिंगच्या बंद शेडमध्ये, जिथे सरकीचा वास
अजून भिंतींत मुरून आहे,
ते उभं आहे: सात वर्षांचं, दोघांनी मिळून जोडलेलं,
अकरा हजार रिबिटांचं.
गावात त्याला विमान कुणी म्हणत नाही.
"मास्तर, इमान कधी उडते गा तुमचं?"

आता रंग देणं राहिलं.
किंवा न देणं.

शकूरभाई ट्रॉल्या रंगवतो,
आर्वीपासून रोहण्यापर्यंत त्याचा लाल ओळखू येतो.
पंखाखाली वाकून त्यानं तळहात फिरवला,
म्हैस विकत घेताना फिरवतात तसा.
"अस्तर एक हात, रंग दोन हात, वरतून लॅकर.
पुट्टी भरतो. खड्डा दिसला तं पैसे नोको देऊ."
वजन किती होईल?
त्यानं आयुष्यात रंग कधी तोलला नव्हता.
कापसाच्या काट्यावर डबे ठेवले, हिशेब केला:
वाळल्यावर नऊ किलो.
नऊ किलो म्हणजे बारा लिटर पेट्रोल,
बारा लिटर म्हणजे
पाऊण तास आकाश.

सिंधू म्हणाली, आधी थोडं घासून तर पाहा.
तिच्या हातात चिंच होती.
चिंच नाही चालत, म्हणालो, राख तर नाहीच;
या पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा थर असतो,
कांद्याच्या पापुद्र्याएवढा.
तो झिजला की आतलं कुजतं.
"म्हंजे कल्हईच की."
तेवीस वर्षं आयटीआयत शिकवलं मी.
इतकं सोपं करून कधी सांगितलं नाही.

जुन्या धोतराच्या चिंध्या. आधी नुसतं काळं निघतं,
मग ताकासारखं पांढुरकं,
आणि मग एकदम छपराचे वासे, बल्ब,
माझं नाक, भोपळ्याएवढं.

तिसऱ्या दिवशी डावा पंख. रिबिटांची सातवी ओळ.
तिथे एक खळगा, हरभऱ्याएवढा.
गुणवंता आतून लोखंडी ठोकळा धरून होता,
मी बाहेरून गन दाबली, आणि नेमका तेव्हाच
तो बोलला, मास्तर, मले पुण्याले नोकरी लागली.
हात हलला.
त्याचा की माझा, ते आम्ही कधी ठरवलं नाही.

पुट्टीत हा दाणा सहज बुजला असता.
घासलेल्या पत्र्यात तो
दुपारभर सूर्य धरून बसतो.

रात्री त्याचा फोन: "पांढरा द्या, मास्तर.
आपल्याकडलं ऊन. उघडा पत्रा हात पोळते."
खरं होतं. त्या दिवशी सेहेचाळीस होतं,
माझ्या बोटांना फोड होता.
मग थांबून म्हणाला, "तो खड्डा दिसते का हो?"
दिसतो, म्हटलं.
पलीकडून एक बस गेली, बहुतेक दोन.
"मंग राहू द्या."

प्रश्न साळुंकीचा उरला.
शेपटीत तिला दुसरी साळुंकी दिसली
आणि चार दिवस ती तिच्याशी भांडत राहिली,
चोचीनं पत्रा टोकरत, खायचं सोडून.
शेवटी शकूरभाईला बोलावलं.
शेपटीचा उभा पंख लाल, त्याचाच लाल;
आणि नाकावर, काचेच्या पुढे, काळा पट्टा, बिनचमकीचा,
ऊन वैमानिकाच्या डोळ्यांत उसळू नये म्हणून.
डबा त्यानं स्वतःच काट्यावर ठेवला,
आधी आणि नंतर.
"सातशे ग्रॅम," म्हणाला, सोनाराच्या आवाजात.

काल ढकलत बाहेर आणलं.
पोटाखाली तुरीची खुंटं उलटी उगवली,
एक बकरी आली, स्वतःला हुंगून गेली.
बांधावरून कुणीतरी ओरडलं,
"घासलं का इमान, मास्तर?"
घासलं.
"रोज घासा लागते का?"

रोज नाही.
पण लागते.